शेतीचा दर्जा दिलात, आता बियाणेही द्या: कोकणच्या खाऱ्या पाण्यातील मत्स्यबीजाविषयी खुले पत्र

प्रति,
राज्याचे मत्स्यधोरण ठरवणारे मंत्रिमहोदय, सचिव, अधिकारी आणि किनाऱ्यावरील मत्स्यसंशोधन संस्थांचे प्रमुख यांस

स. न. वि. वि.

एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राचा दर्जा दिला, तेव्हा रायगडच्या खारपट्ट्यातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीतल्या, तळ्यांत मासे वाढवणाऱ्या आम्हा तळेवाल्यांनाही आनंद झाला होता. विजेचा दर, कर्जाचे व्याज, विमा या बाबतींत शेतकऱ्याला जे मिळते ते आता आपल्यालाही मिळणार, ही लहान गोष्ट नव्हे. त्याच भरात आम्ही काही जिताडा-संवर्धकांनी, म्हणजे जिताडा हा खाडीतला मासा तळ्यात वाढवणाऱ्यांनी, एकत्र येऊन एक साधा अर्ज केला. खाऱ्या पाण्यातल्या माशांचे, निदान जिताड्याचे तरी, बीज (तळ्यात सोडायची पिल्ले) तयार करणारे आणि त्याच्या प्रजननाचा सतत अभ्यास करणारे एक कायमस्वरूपी केंद्र आमच्या किनाऱ्यावर असावे, एवढीच त्यात मागणी होती. आलेल्या उत्तराचा सारांश असा की हा विषय तूर्त विचाराधीन नाही आणि संवर्धकांनी आपली गरज परराज्यांतील केंद्रांकडून भागवावी. ते उत्तर कोणत्या कार्यालयातून आले हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली सही करणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. त्याला वरून जे सांगितले गेले ते त्याने कळवले. ज्या धोरणातून ते उत्तर निघाले ते मात्र मला गप्प बसून मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र आपल्याला उद्देशून, पण सर्वांसमोर लिहीत आहे.

शेती म्हटली की पहिला प्रश्न बियाण्याचा येतो. राज्याने 1976 मध्ये अकोल्याला महाबीज हे बियाणे महामंडळ उभे केले, चार कृषी विद्यापीठे चालवली, आणि 1966 च्या बियाणे कायद्याप्रमाणे पिशवीवर वाण, उगवणशक्ती आणि चाचणीची तारीख छापणे भाग पडले. विदर्भातल्या शेतकऱ्याचे सोयाबीन उगवले नाही तर तो तालुक्याला तक्रार करतो आणि कोणीतरी अधिकारी शेतावर येऊन पंचनामा करतो. भरपाई मिळते की नाही, हा निराळा विषय झाला. माझ्या तळ्यात सोडलेले बीज आठवड्यात मेले तर मी कोणाकडे जावे? माझ्या हातातल्या पावतीवर नगांची संख्या आणि रक्कम याखेरीज काहीही नसते. दर्जा शेतीचा असेल तर बियाण्याची जबाबदारीही शेतीसारखीच शासनाची असली पाहिजे, हे माझे या पत्रातले मुख्य म्हणणे आहे.

माझा या विषयाशी संबंध काय, तेही सांगतो. आमची जमीन खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, आतली. खाडीच्या बांधाला खांड पडली, खारे पाणी खलाटीत (खाडीलगतच्या भातशेतीत) शिरले आणि भात जळाले, की ती जमीन पुढची काही वर्षे पिकत नाही, हे पेण-अलिबागकडच्या कोणालाही सांगावे लागत नाही. राज्यात 1979 चा खारजमीन विकास कायदा आहे, तरी बांध फुटायचे थांबलेले नाहीत. अशा नापीक झालेल्या तुकड्यांवर आमच्या आधीच्या पिढ्यांनी तळी खणली आणि त्यांत जिताडा वाढवला. पावसाळ्यात उधाणाच्या पाण्याबरोबर पिल्ले उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) आत येत, ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांत सापडत. ती पागाने (फेकजाळ्याने) धरून तळ्यात सोडायची आणि दोन-तीन वर्षांनी, लग्नकार्याला किंवा पैशाची नड निघाली की, मोठे मासे काढायचे. बीज विकत घ्यायचे असते ही कल्पनाच तेव्हा नव्हती. आज खाडीत ती पिल्ले दिसेनाशी झाली आहेत. पूर्वी एका उधाणाला मिळायची तेवढी आता अख्ख्या पावसाळ्यात मिळत नाहीत. खाडीत उतरणारे कारखान्यांचे पाणी, भराव टाकून बुजवलेली खाजणे, बारीक आसाची जाळी, तोंडाशी अडकलेला गाळ, अशी कारणे गावोगाव सांगितली जातात आणि प्रत्येकात थोडेफार तथ्य असेल. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

जिताड्याचे प्रजनन ज्याने नीट समजून घेतले त्याला आमची मागणी अवाजवी वाटणार नाही, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. हा मासा पहिल्यांदा वयात येतो तेव्हा नर असतो. पुढे आणखी काही वर्षांनी, वजन साधारण चार-पाच किलोच्या पुढे गेले की, त्याच माशाची मादी होते. म्हणजे बाजारात ज्या सहा-सात किलोच्या जिताड्याभोवती गर्दी होते ती जवळजवळ नेहमी मादीच असते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पकडली गेली असेल तर गाभोळीने भरलेली असते. तो वाढतो गोड्या किंवा मचूळ पाण्यात, पण वीण मात्र तिथे होत नाही. त्यासाठी त्याला खाडीच्या मुखाशी, समुद्राइतक्या खारट पाण्यात जावे लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, दिवस मावळल्यावर, भरतीच्या पाण्यात मादी अंडी सोडते, आणि मोठ्या मादीची अंडी लाखांनी मोजावी लागतात. मिलिमीटरहूनही लहान असलेली ती अंडी पाण्यावर तरंगतात आणि दुसऱ्या दिवशी फुटतात. मग ती पिल्ले भरतीवर स्वार होऊन खाडीत, कांदळवनात आणि एकेकाळी आमच्या खलाटीत येत.

यातून दोन गोष्टी सरळ निघतात. पहिली ही की माझ्या तळ्यात मी कितीही जिताडे राखले तरी त्यांची वीण तळ्यात होणार नाही. बीज मला दर वेळी बाहेरूनच आणावे लागणार. दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. बीजकेंद्राला लागणारी एक मादी तयार व्हायला पाच-सहा वर्षे जातात, तर आपल्या योजना आखल्या जातात एका अर्थसंकल्पापुरत्या, फार तर तीन वर्षांपुरत्या, आणि मासा अजून नर असतानाच योजनेचा अखेरचा हप्ता परत जातो. टाक्या बांधल्या जातात, फलक लागतो, छायाचित्रे निघतात, आणि माद्या तयार होण्याच्या सुमारास पंप चालवायला ना माणूस उरतो ना विजेचे पैसे. हे कोणा एका केंद्राबद्दल मी म्हणत नाही. योजनेची मुदत आणि माशाचे वय यांचा मेळ कोणी घातलेलाच नाही, एवढेच मला दाखवायचे आहे.

तंत्र अवघड आहे असे उत्तर आता देता येणार नाही. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने देशात पहिल्यांदा जिताड्याचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले ते 1997 मध्ये. त्या गोष्टीला पाव शतकाहून अधिक काळ लोटला. काम कसे चालते हेही आता कोणापासून लपलेले नाही. मादीच्या बीजकोशातून बारीक नळीने थोडी अंडी काढून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. त्यांचा व्यास अर्ध्या मिलिमीटरच्या जवळ पोचला असेल तर संप्रेरकाचे इंजेक्शन द्यायचे. सुमारे दीड दिवसाने, बहुधा रात्री, टाकीत अंडी पडतात. पिल्लांना आधी रोटिफर आणि नंतर आर्टेमिया हे सूक्ष्म जीव खायला घालायचे, आणि ते रोटिफर जगावेत म्हणून त्यांच्याही आधी हिरवे शेवाळ वाढवायचे. तिसऱ्या आठवड्यापासून पिल्ले लहान-मोठी वेगळी करत राहायचे, कारण जिताडा आपल्याच भावंडांना खातो. यात चमत्कार काही नाही. आहे ती रोजची, सुट्टी न पाहणारी शिस्त. रोजंदारीवर आणि तात्पुरत्या नेमणुकीवर ठेवलेल्या माणसांकडून वर्षानुवर्षे ती शिस्त राखली जाईल, अशी अपेक्षा करणे बरोबर नाही.

आता परराज्यातून बीज मागवा म्हणजे काय, ते आपल्यापैकी कोणीतरी एकदा तळ्याच्या बांधावर उभे राहून पाहावे. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यांत येतात, आधी विमानाने मुंबईला आणि मग टेम्पोने आमच्यापर्यंत. वाटेत तास किती गेले, खोके उन्हात किती वेळ पडले, याची नोंद कुठे नसते. पिशवीतल्या पाण्याची क्षारता दर हजारी 25 च्या घरात असते आणि जुलैच्या पावसात आमच्या तळ्याची तीन-चार; म्हणून पिशव्या तळ्यावर तरंगत ठेवून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत मिसळत बसावे लागते, आणि तेवढ्या वेळात कमजोर पिल्ले तळाशी बसू लागतात. एखादी पिशवी उजेडाकडे धरली की बोटाच्या पेराएवढ्या एका पिल्लाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर आलेली स्पष्ट दिसते. गिळणाराही पुष्कळदा त्यातच गुदमरून मरतो. म्हणजे आकाराची प्रतवारी न करता बीज भरले होते, आणि दोन्ही पिल्लांचे पैसे मी मोजलेले असतात.

या वाटेने येणाऱ्या बीजात आणखी एक धोका आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. नोडाव्हायरसमुळे होणारा मज्जासंस्थेचा रोग मादीकडून अंड्यांतून पिल्लांत उतरू शकतो. पिल्ले गरगरत पोहू लागतात आणि पाहता पाहता टाकीच्या टाकी रिकामी होते. पीसीआर या प्रयोगशाळेतल्या चाचणीने तो ओळखता येतो. परंतु मला मिळालेल्या बीजाच्या आईबापांची अशी चाचणी झाली होती का, हे विचारण्याची सोय मला कुठेही नाही. शिवाय आमचे बांध फुटतात, हे वर सांगितलेच. फुटले की तळ्यातले मासे खाडीत जातात. जिताड्याच्या जनुकांचा जो मोठा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला त्यात भारताच्या बाजूचा जिताडा आग्नेय आशियातल्या आणि ऑस्ट्रेलियाकडच्या जिताड्याहून वेगळा असल्याचे दिसले. पाण्यातून पाहताना सगळे जिताडे एकच वाटतात, पण तसे ते नाहीत. मग आमच्या खाड्यांत कोणत्या पाण्यातले रक्त मिसळले जात आहे, याकडे लक्ष ठेवणारे कोणीतरी या किनाऱ्यावर नको का? आमच्याच खाड्यांतून निवडलेल्या माद्यांपासून बीज तयार करावे, असे मी म्हणतो, ते कुठल्या प्रादेशिक अभिमानापोटी नव्हे.

येथे थोडे विषयांतर करतो. आमच्याकडे एक जुनी थट्टा आहे की कचेरीतले काम अडले तर साहेबांकडे जिताडा पोचवावा. खरे-खोटे देव जाणे, पण इतक्या साहेबांच्या ताटापर्यंत पोचलेला हा मासा त्यांच्या फाइलीपर्यंत मात्र पोचला नाही, याचे मला नवल वाटते.

जिताड्याइतकीच चिंबोरीची, म्हणजे खाडीतल्या खेकड्याची, गोष्ट गंभीर आहे, आणि तिच्यावर तर आमच्यापेक्षाही गरीब माणसे जगतात. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांतून लाखेच्या चिंबोरीला भाव आहे. लाख म्हणजे मादीचा पिकलेला बीजकोश. मादी कात टाकते, तिचे कवच मऊ असते, तेव्हाच नराशी तिचा संयोग होतो; नर तिला त्याआधी काही दिवस पोटाखाली धरून फिरतो. नराचे बीज ती पुढे साठवून ठेवते, बीजकोश पिकला की खाडी सोडून समुद्राकडे जाते, आणि अंडी पोटाच्या झडपेखाली धरून ठेवते. ती अंडी आधी नारिंगी असतात, फुटायला आली की काळपट होतात, आणि एका मादीजवळ ती दहा लाखांहूनही अधिक असू शकतात. बाहेर पडलेले पिल्लू झोइयाच्या पाच अवस्थांतून जाते, मग मेगालोपा होते आणि तेव्हा कुठे चिंबोरीच्या आकाराला येते. यात महिना जाऊ शकतो आणि तेवढ्यात बहुतेक पिल्ले मरतात. बंदिस्त टाकीतही जगण्याचे प्रमाण कमीच असते, तरीही तमिळनाडूत राजीव गांधी जलसंवर्धन केंद्राने चिंबोरीचे बीज मोठ्या प्रमाणावर तयार करून दाखवले आहे.

आमच्याकडे 2017 पासून कांदळवन संरक्षण आणि उपजीविका निर्माण योजनेखाली गावोगाव बचत गटांना चिंबोरीपालन, कालवेपालन आणि पिंजऱ्यातला जिताडा अशी कामे देण्यात आली. योजनेचा हेतू चांगला आहे. कांदळवन राखणाऱ्याला कांदळवनातूनच पोट भरता आले पाहिजे, यावर माझे दुमत नाही. पण बीज केंद्रातून आले नाही तर गटाच्या बायका ते खाडीतूनच वेचणार. मग वाढवण्यासाठी म्हणून जी चिंबोरी कुंपणात ठेवायची ती खाडीतून उणी करूनच ठेवायची, आणि याला शाश्वत संवर्धन म्हणायचे, हे मला पटत नाही. जिताड्याच्या खाद्याचेही असेच आहे. तो मांसाहारी मासा आहे, आणि स्वस्त पडते म्हणून त्याला लहान मासळी कापून घातली जाते. त्या मासळीत उद्याचे बोंबील, मांदेली आणि कोळंबीची पिल्लेच पुष्कळ असतात. गोळीखाद्य तयार करण्याचे ज्ञान देशात आहे, पण आमच्या तळ्यातल्या पाण्यात, आमच्या पावसाळ्यात ते कसे लागू पडते आणि लहान तळेवाल्याला परवडते का, याच्या चाचण्या बांधावर झाल्या पाहिजेत.

घाईचे परिणाम काय होतात हे कोळंबीने आपल्याला एकदा दाखवलेले आहे. 1994-95 च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने देशातल्या कोळंबी प्रकल्पांची वाताहत केली, 11 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाला किनाऱ्यावरच्या प्रकल्पांबाबत कठोर निकाल द्यावा लागला, आणि नियमनाचा कायदा आला तो 2005 मध्ये. 2009 पासून व्हेनामी ही परदेशी कोळंबी आली, तिने निर्यात वाढवली, पण तिचे मातृसाठे (अंडी घेण्यासाठी राखलेल्या मोठ्या कोळंब्या) आजही मुख्यतः परदेशातूनच येतात. मादीने लवकर अंडी द्यावीत म्हणून तिचा एक डोळा देठासकट कापण्याची पद्धतही अनेक केंद्रांत चालू आहे, कारण अंडी रोखून धरणारे संप्रेरक त्या देठात तयार होते. ज्या जिवाचे प्रजनन आपल्या हातात नाही, त्याचा व्यवसायही शेवटी आपल्या हातात राहत नाही. जिताडा आणि चिंबोरी या दोन्ही आपल्या किनाऱ्याच्या आहेत; त्यांच्या बाबतीत तरी ही पाळी येऊ देऊ नये.

राज्याने 2020 मध्ये पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवन वृक्ष ठरवला आणि 2023 मध्ये पापलेटला राज्य माशाचा मान दिला. सातपाटीच्या मच्छीमारांनी त्यासाठी प्रयत्न केले होते आणि त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. पण मान दिल्यावर पुढे काय? कुवेतच्या शास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस समुद्रातून पकडलेल्या पापलेटांची अंडी फलित करून पिल्ले वाढवून पाहिली. ज्या राज्याने पापलेटला राज्य मासा म्हटले त्या राज्याने त्याच्या प्रजननाच्या अभ्यासासाठी किती पैसे बाजूला काढले, हे आपण जाहीर करावे. मी पापलेटाचे बीजकेंद्र मागत नाही, कारण ते काम आजही जगात सोपे झालेले नाही. पण संशोधनाला आजपासून सुरुवात केली तरच पंधरा वर्षांनी काही हाती लागेल.

ज्ञानी माणसांची आपल्याकडे वानवा आहे असेही नाही. वर्सोव्याला 1961 पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, रत्नागिरीत 1958 पासून सागरी जीवशास्त्राचे संशोधन केंद्र आणि 1981 पासून मत्स्य महाविद्यालय आहे, आणि दर वर्षी तिथून मुलेमुली पदव्या घेऊन बाहेर पडतात. त्यांतली कितीतरी मुले पुढे आंध्र आणि तमिळनाडूच्या बीजकेंद्रांत नोकरी धरतात, कारण इथे त्यांना त्यांचे काम मिळत नाही. ज्या मुलांना आपण शिकवले त्यांनी परराज्यात तयार केलेले बीज आपण विमानाचे भाडे भरून परत आणतो. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत तळ्याला आणि पिंजऱ्याला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान मिळते, आणि त्यातून तळी खणली गेली हे मी नाकारत नाही. पण खणलेल्या तळ्यात काय सोडायचे याचे उत्तर त्या अनुदानात नाही. माझ्या ओळखीच्या काही तरुणांनी कर्ज काढून तळी केली आणि आता त्यांत पावसाचे पाणी आणि तिलापी मासे एवढेच आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत. कोकण किनाऱ्यावर, शक्यतो रायगड जिल्ह्यात, जिताड्याचा मातृसाठा आणि बीजकेंद्र उभे करावे, त्यातल्या माद्या आमच्याच खाड्यांतून निवडाव्यात, आणि त्याला किमान दहा वर्षांचा निधी व कायमस्वरूपी पदे एकाच शासन निर्णयाने द्यावीत. पदे आणि निधी नसतील तर इमारतही बांधू नये, कारण रिकाम्या टाक्या आम्हाला नकोत. केंद्रातून निघालेले अगदी लहान बीज थेट तळेवाल्याला न विकता ते गावातल्या महिला गटांकडे हापात (पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पेटीत) किंवा लहान तलावात वाढवायला द्यावे आणि तीन-चार इंचांची बोटुकली झाली की विकावी. यात मरही कमी होईल आणि गटांना वर्षाकाठी खात्रीचे चार पैसे मिळतील. बीज कुठूनही आलेले असो, त्यासोबत मातृसाठ्याचे ठिकाण, बीजाचे वय, पिशवीतल्या पाण्याची क्षारता आणि नोडाव्हायरस चाचणीचा निकाल लिहिलेले प्रमाणपत्र सक्तीचे करावे, आणि बीज खराब निघाल्यास पंचनामा कोणी करायचा ते पद ठरवून द्यावे.

चिंबोरीच्या बाबतीत, बाहेर अंडी धरलेली मादी जाळ्यात आली तर ती मच्छीमाराकडून बाजारभावाने विकत घेऊन संशोधन केंद्रात न्यावी किंवा अंडी फुटेपर्यंत सांभाळून पुन्हा पाण्यात सोडावी. नुसती बंदी घालून मच्छीमाराच्या पोटावर पाय देऊ नये. खाडीमुखाशी पावसाळ्यात जिताड्याची वीण नेमकी कोणत्या पट्ट्यांत आणि कोणत्या उधाणांना होते, याचा किमान पाच पावसाळ्यांचा अभ्यास हाती घ्यावा. 1 जून ते 31 जुलै ही बंदी यांत्रिक नौकांसाठी आहे, खाडीतल्या लहान होड्यांना ती लागू नाही, आणि ती तशीच असावी. परंतु अभ्यासातून काही थोड्या रात्री आणि काही थोडे पट्टे राखून ठेवायचे ठरले तर आमचे खाडीवाले ते ऐकतील, कारण त्यात त्यांचाच फायदा आहे. त्यांना विचारून ठरवले पाहिजे, एवढीच अट. या सगळ्या अभ्यासाचे निष्कर्ष मराठीत छापावेत, आणि त्यावर निर्णय घेणाऱ्या समितीत तळेवाल्यांचा, खाडीत मासेमारी करणाऱ्यांचा आणि मासळी विकणाऱ्या बायकांचा किमान एकेक प्रतिनिधी असावा. आजवरच्या बैठकांत आम्हाला बोलावले जाते ते चहाच्या आधी लाभार्थी म्हणून टाळ्या वाजवायला.

आमच्याकडून काय देता येईल, तेही लिहून ठेवतो. आमच्या काही तळ्यांत पाच-सहा वर्षे वाढलेले जिताडे आहेत. मातृसाठ्यासाठी निवड करायची असेल तर ते दाखवायला आणि योग्य वाटले तर द्यायला आम्ही तयार आहोत, पैसे नंतर ठरवता येतील. गोळीखाद्याच्या चाचणीसाठी आम्ही तळी उपलब्ध करून देऊ. खाडीत पिल्ले कोणत्या तिथीला, कोणत्या ओढ्यात दिसली याच्या नोंदी आमच्यातल्या काहींनी वह्यांत ठेवल्या आहेत; शास्त्रज्ञांना त्या कच्च्या वाटतील, पण त्यांना सुरुवात करायला त्या पुरतील. मत्स्य महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना पावसाळ्यात आमच्याकडे पाठवले तर राहण्या-जेवण्याची सोय गावात होईल.

वरच्या मागण्यांपैकी कोणती मान्य आहे, कोणती नाही आणि नसल्यास का नाही, हे प्रत्येक मागणीपुढे स्वतंत्रपणे लिहून, मराठीत, तारखेनिशी कळवावे. विषय तूर्त विचाराधीन नाही, हे एक वाक्य आम्हाला आधीच मिळालेले आहे. या वेळी तो विचाराधीन कधी येईल, तो महिना आणि ते वर्ष लिहून हवे आहे. पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी उत्तर आले तर यंदाच्या उधाणांपासूनच नोंदींचे काम आम्ही सुरू करू शकू.

आपला विश्वासू,
रायगड जिल्ह्याच्या खारपट्ट्यातील एक जिताडा-संवर्धक